ग्रेट वेस्टर्न टेरेस, ग्लासगो : सोळा महिने राहून झाल्यावर

मिरजेत आईनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की लेकीनं ग्लासगोत टेरेसवाला फ्लॅट घेतला. काकांनी फोनवर लगेच विचारलं, "पापड वाळवायला सोय झाली म्हणायची!" गच्ची नाही हो काका. इथे टेरेस म्हणजे सामाईक भिंतींनी एकमेकींना चिकटलेली घरांची सबंध ओळ. आणि ‘घेतला’ नाही, भाड्यानं घेतला. पापडाचं तर सोडाच, जाड चादर वाळायला इथे दोन दिवस लागतात.

सोळा महिने झाले, त्यात दोन हिवाळे. भाड्याच्या जाहिरातीत ‘व्हिक्टोरियन’, ‘लिस्टेड’ (म्हणजे वारसा इमारतींच्या यादीतलं), ‘उंच छत’ हे तीन शब्द दिसले की आपली मंडळी भुलतात, मीही भुलले. म्हणून हे सविस्तर लिहितेय. घराचा नंबर सांगत नाही. अकराच घरं आहेत, ओळखू येईल.

आधी घराबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढच्या तक्रारी कळायच्या नाहीत. ही ओळ अलेक्झांडर थॉमसन या आर्किटेक्टनं 1867 मध्ये आखली आणि 1870च्या दशकात ती बांधून झाली. ग्लासगोत त्याला ‘ग्रीक’ थॉमसन म्हणतात. हा माणूस उभ्या आयुष्यात ग्रीसला गेला नाही. पुस्तकं आणि कोरीव चित्रं बघून त्यानं आपलं ग्रीस, आपला इजिप्त ग्लासगोच्या पावसात उभा केला. पुढे त्याच्या नावानं तरुण आर्किटेक्टांना प्रवासासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि 1890 मध्ये ती चार्ल्स रेनी मॅकिंटॉशला मिळाली, ग्लासगोचाच, पुढे फार गाजलेला आर्किटेक्ट. त्या पैशांवर तो इटली हिंडून आला. न फिरलेल्या माणसाच्या नावानं फिरण्याची शिष्यवृत्ती!

ओळ रस्त्यापासून उंचावर, कठड्यामागे आहे. बहुतेक घरं तळघरावर दोन मजले, पण दोन ठिकाणी ती तीन मजली होते. दुसऱ्या कुणी हे उंच भाग दोन टोकांना ठेवले असते, पुस्तकाला दोन्हीकडून टेकू द्यावा तसे. थॉमसननं ते आत सरकवले. त्यामुळे बसमधून जाताना ओळ संपत नाही असं वाटतं. दारांपुढे आयोनिक, म्हणजे माथ्यावर दोन वेटोळी असलेल्या ग्रीक खांबांचे पोर्च आहेत. आणि खिडक्या? खिडक्यांना काहीच नाही. महिरप नाही, कोरलेली चौकट नाही, वर त्रिकोणी मुकुट नाही. सपाट दगडी भिंतीत सुरीनं कापल्यासारख्या सरळ उभ्या फटी, ठरावीक अंतरावर, एकामागून एक. आजूबाजूच्या बाकीच्या ओळींमध्ये गवाक्षं आणि नक्षी भरपूर आहे. त्यांच्या शेजारी ही ओळ अगदी सोवळ्यातली वाटते. पहिल्या महिन्यात मला ती रुक्ष वाटायची. आता संध्याकाळी पलीकडच्या फुटपाथवरून येताना मी दोन मिनिटं थांबतेच.

त्याला कमान आवडत नसे, हे नंतर वाचलं. खांबावर आडवी तुळई ठेवली की वजन सरळ खाली जातं, सगळं शांत राहतं. कमान मात्र सारखी दोन्ही बाजूंना रेटत असते, असं त्याचं म्हणणं. स्टोनहेंजची, म्हणजे उभ्या शिळांवर आडव्या शिळा ठेवलेल्या त्या प्राचीन वर्तुळाची रचना यॉर्क मिन्स्टर या कमानींच्या भव्य चर्चपेक्षा जास्त शास्त्रशुद्ध आहे, असंही तो म्हणून गेलाय. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग त्याला हेमाडपंती देऊळ दाखवायला हवं होतं." खरंय. खांब, तुळई, वर दगड. पटलं असतं त्याला.

यात मुंबईचा एक धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1860च्या दशकात ग्लासगो विद्यापीठाची नवी इमारत बांधायचं ठरलं आणि काम लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटला गेलं. त्यानं गॉथिक, टोकदार कमानींची इमारत आखली. थॉमसननं 1866 मध्ये व्याख्यान देऊन त्या आराखड्याची साल काढली. उपयोग काही झाला नाही. टेकडीवर स्कॉटचीच इमारत उभी राहिली. तोच हा स्कॉट, ज्यानं मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर आखला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं दोन लाख रुपये दिले, 1869 मध्ये पाया घातला आणि 1878 मध्ये टॉवर पूर्ण झाला. स्कॉट मुंबईला कधी आला नाही. ओव्हल मैदानावरून राजाबाई बघत मी तीन वर्षं नोकरी केली. इथे आल्यावर विद्यापीठाचा मनोरा पाहिला तेव्हा ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं का वाटलं, ते कळायला मला चार महिने लागले. नवरा त्याच विद्यापीठात आहे. म्हणजे तो दिवसभर स्कॉटच्या घरात आणि रात्री थॉमसनच्या. दोघांचं भांडण आमच्या घरी मिटलं म्हणायला हरकत नाही.

आता राहण्याबद्दल.

ही अकरा घरं मुळात एकेका कुटुंबाची होती. जहाजं, लोखंड, कापड यांतून आलेला पैसा, आणि तळघरात नोकरमाणसं. आठ नंबरात सर विल्यम बरेल राहायचा, जहाजवाला. मंदीत जहाजं बांधून घ्यायची, तेजीत विकायची, असा त्याचा हिशोब. त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट लॉरिमर या आर्किटेक्टकडून घर आतून नव्यानं सजवून घेतलं आणि ते मध्ययुगीन रंगीत काचा, भिंतीवरचे विणलेले पडदे, जुनी लाकडी सामानं यांनी भरून टाकलं. हा सगळा संग्रह त्यानं 1944 मध्ये शहराला दिला, पण अट घातली की तो शहराच्या धुरापासून लांब ठेवायचा. धुराला कंटाळलेला माणूस. कोळशाची जहाजंही त्याचीच असतील की. जागा मिळता मिळता चाळीस वर्षं गेली. पोलॉक पार्कमध्ये संग्रहालय उघडलं ते 1983 मध्ये. फुकट आहे, जरूर जा. आमच्या दिवाणखान्यात कधीकाळी काय असेल याचा अंदाज तिथे येतो.

‘आमचा दिवाणखाना’ हे जरा वाढवून सांगितलं. पुढे घरं वाटली गेली, फ्लॅट झाले. वाटणी झालेला वाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या हॉलच्या छताला भिंतीलगत प्लास्टरची जाड नक्षीदार पट्टी आहे, कॉर्निस. ती तीन भिंतींवर आहे. चौथ्या भिंतीपाशी आली की पानाच्या नक्षीच्या मधोमध कापल्यासारखी संपते. उरलेली पट्टी भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये. छताच्या मधोमध असायचं ते प्लास्टरचं फूलही आमच्याकडे एका कोपऱ्यात गेलंय. जाहिरातीतल्या फोटोत हा कोपरा नव्हता. घर बघायला जाल तेव्हा आधी वर बघा. चारही भिंतींवर कॉर्निस सारखं असेल तर खोली मूळची आहे. एका भिंतीवर नसेल तर ती भिंत नंतरची, आणि तिच्यातून शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येणार हे गृहीत धरा. मूळ सामाईक भिंती मात्र दगडी, जाडजूड. त्या बाजूचे शेजारी ड्रम वाजवतात हे आम्हाला जिन्यात भेटल्यावर कळलं.

खिडक्या हा या घराचा जीव, आणि आमच्या जिवाला घोरही. प्रत्येकीत लाकडाच्या दोन चौकटी वरखाली सरकतात. इथे त्यांना सॅश अँड केस म्हणतात. बाजूच्या खोक्यात ओतीव लोखंडाची वजनं दोरीला टांगलेली असतात, विहिरीच्या रहाटासारखी. चौकट आणि वजन तोलून धरलेलं, म्हणून माणसाच्या उंचीची काच एका बोटानं वर जाते. दोरी शाबूत असली तर. पहिल्या ऑक्टोबरात हॉलमधली मधली खिडकी मी वर केली, खोक्यात धप्पकन काहीतरी पडलं आणि काच माझ्या हातावर आली. दोरी तुटली होती. रात्रभर तिच्याखाली पोळपाट लावून ठेवला, कारण पूर्ण बंदही होईना.

सुतार आला. इथे त्याला जॉइनर म्हणतात, सुतार हा शब्द विसरा. साठीचा गृहस्थ, बोलणं पहिल्या दिवशी निम्मंच कळलं. त्यानं बाजूची पट्टी हळूच उचकटली, खोक्याचं छोटं दार उघडलं, वजन बाहेर काढलं आणि नवी दोरी ओवली. जाताना सरकपट्टीवर साधी मेणबत्ती घासली. तेल घालू नका म्हणाला, धूळ धरतं. मग चौकटीवर टिचकी मारून म्हणाला, हे लाकूड दीडशे वर्षांचं आहे, आत्ता मिळतं तसलं नाही, काळजी घेतली तर आणखी तेवढंच टिकेल. सगळा वेळ लाकडाचं कौतुक, आणि मी थंडीनं कुडकुडत उभी.

खिडकी बदलून प्लॅस्टिकच्या चौकटीची दुहेरी काच का बसवत नाही, हा प्रश्न भारतातून येणारा प्रत्येक जण विचारतो. कारण ही ओळ ‘कॅटेगरी ए’ आहे. स्कॉटलंडमध्ये जुन्या इमारतींच्या यादीत ए, बी, सी असे तीन वर्ग असतात, आणि ए सगळ्यांत वरचा. मुंबईत 1995च्या नियमांनी ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब, तीन आले, साधारण तसंच समजा. यादी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड करते, परवानगी मात्र महापालिकेकडून. लोकांचा एक गैरसमज असतो की फक्त दर्शनी बाजूला हात लावायचा नाही. तसं नाही. यादी आतल्या भागालाही लागू असते. जिना, दारं, कॉर्निस, शेगडीचा संगमरवरी कट्टा, सगळं. इमारतीचं रूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आहे तसं दुरुस्त करायला मुभा, बदलायला नाही. दोरी बदलली, चालतं. जुन्या चौकटीत बारीक दुहेरी काच बसवायची तर अर्ज, नकाशे, वाट बघणं.

हे मला आधी जुलमी वाटलं होतं. मग एक दिवस समोरून बघताना लक्षात आलं की त्या सपाट भिंतीवर खिडक्यांशिवाय दुसरं काही नाहीच. नक्षी असती तर एखादी वाकडी काच खपून गेली असती. इथे अकरा घरांपैकी एकानं पांढरं प्लॅस्टिक बसवलं तर पुढचा दात पडल्यासारखं दिसेल. एकत्र कुटुंबाचा वाडा आतून वाटून घेता येतो, दर्शनी भिंत वाटता येत नाही. हे पटलं. पटलं म्हणून थंडी कमी झाली नाही, ते वेगळं.

थंडीचा हिशोब : छत सव्वाचार मीटरच्या आसपास. गरम हवा तिथे वर जाऊन बसते, आम्ही खाली. जानेवारीत गॅसचं आणि विजेचं मिळून बिल दोनशे पौंडांच्या वर गेलं, आणि तरीही आम्ही हॉलमध्ये शाल पांघरून. उपाय सापडला तोही घरातच. प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडी कपाटासारखं पॅनेल होतं, त्यावर रंगाचे इतके थर की मी ते शोभेचं समजत होते. जॉइनरनं सुरीनं फट मोकळी केली आणि आतून घडीची शटर बाहेर आली. रात्री ती लावून आडवी पट्टी टाकली की वारा थांबतो. वरून जाड पडदा. फरक हाताला जाणवतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही थंडी वाजत होती, त्यांनी सोय केली होती. मधल्या कुणीतरी ती रंगवून बंद केली.

दुसरी सोय मात्र बिघडवू नका. शेगड्या बंद केल्या असतील तरी धुराड्याला हवेची जाळी ठेवावी लागते. आम्ही पहिल्या हिवाळ्यात वारा येतो म्हणून तिथे जुनी उशी कोंबली. महिन्याभरात भिंतीवर तांबूस डाग आणि कुबट वास. उशी काढली, वास गेला. डाग आहे.

गणपती त्याच शेगडीच्या कट्ट्यावर बसतो. काळा संगमरवर, दोन्ही बाजूंना छोटे खांब, वेगळं मखर लागतच नाही. आई म्हणाली, थॉमसननं गणपतीसाठीच केलंय. पण पहिल्या वर्षी आरतीला कापूर पेटवला आणि ‘सुखकर्ता’ संपायच्या आत घरातले सगळे अलार्म एकदम किंचाळायला लागले. 2022 पासून स्कॉटलंडमध्ये प्रत्येक घरातले धुराचे आणि उष्णतेचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावे लागतात. एक बोंबलला की सगळे बोंबलतात. सव्वाचार मीटर उंचावरचा अलार्म बंद करायला शिडी नाही. नवरा झाडूच्या दांड्यानं बटण दाबतोय आणि आई टाळ्या न थांबवता ‘दुर्गे दुर्घट भारी’ म्हणतेय, हे दृश्य शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं. स्वयंपाकघरात फोडणीला त्रास नाही, तिथे उष्णतेचा अलार्म असतो, धुराचा नाही. दार मात्र लावून घ्या, नाहीतर पॅसेजमधला धरतो.

आता दगड. ग्लासगो दोन रंगांचं शहर आहे, फिकट पिवळसर आणि लाल. आमची ओळ फिकट वालुकाश्माची. लाल दगड साधारणपणे नंतरचा, रेल्वेनं लांबून आलेला. दोन्ही कोळशाच्या धुरानं काळे झाले. 1956च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर हवा सुधारली आणि मग शहरानं दगड धुवायला घेतले. वाळूचे फवारे, रसायनं. चेहरा उजळला, पण बऱ्याच इमारतींच्या दगडाची वरची कातडी गेली. त्यात कुणी चुन्याऐवजी सिमेंटनं सांधे भरले की आणखी घात. चुना पाणी बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही, मग पाणी दगडातून वाट काढतं आणि पापुद्रे सुटतात. मागच्या बाजूला आमच्या खिडकीच्या कडेला हात फिरवला की वाळू हातात येते. तिथे हात फिरवायचा नाही, असा घरात नियम आहे.

छप्पर गळलं ती गोष्ट थोडक्यात. नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरून ओघळ आला. स्लेट, म्हणजे छपरावरची दगडी पाटी, सरकली होती आणि पन्हाळीचं शिसं फाटलं होतं. सामाईक दुरुस्तीसाठी सगळ्या मालकांना विचारायचं काम फॅक्टरकडे असतं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारी कंपनी. एका घरात किती मालक, एक कुठे परदेशात, एक ईमेलला उत्तरच देत नाही. कायद्यानं बहुमत पुरतं, पण बहुमत जमायला चार महिने गेले. तोवर बादली. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी त्या महिन्यांचं भाडं कमी केलं. त्यांचं एक दुखणं मला रास्त वाटतं : नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्या वारसा इमारतीची दुरुस्ती केली तर वीस टक्के. वारसा जपा म्हणायचं आणि जपणाऱ्याकडून जास्त घ्यायचं.

बाकी किरकोळ. वायफाय दगडी भिंतीत मरतं, दोन ठिकाणी यंत्रं लावा. खिळा ठोकायचा विचारही नको. लाकडी पट्ट्यांवरचं जुनं प्लास्टर आहे, एका खिळ्याला ताटाएवढा तुकडा येतो. फोटो टांगायला वरच्या लाकडी पट्टीला आकडे मिळतात. हिलहेडचं सबवे स्टेशन चालत जाण्यासारखं, बोटॅनिक गार्डन आणि तिथलं किबल पॅलेसचं काचघर त्याच वाटेवर. हिवाळ्यात घरात राहवेना की मी त्या काचघरात झाडाएवढ्या उंच नेच्यांखाली (फर्नखाली) जाऊन बसते. खर्च : शून्य पौंड, आणि गरम.

घ्यावं का? माझं मत : दोघं असाल, पगार बरा असेल, वस्तू बिघडल्यावर चिडण्याआधी ती कशी चालते हे बघायची खोड असेल, तर घ्या. घरात तान्हं मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर घेऊ नका, कुणी कितीही ‘कॅरेक्टर’ म्हणो. घर बघायला जूनमध्ये जाऊ नका. जूनमध्ये सगळं ग्लासगो देखणं दिसतं. जानेवारीत, वारा असताना जा आणि खालच्या चौकटीच्या फटीपाशी ओला हात धरा. फॅक्टरची थकबाकी आणि छपराची शेवटची दुरुस्ती विचारा. शटर उघडतात का ते स्वतः ओढून बघा.

थॉमसनची बाकीची कामं बघितली की आपली ओळ नशीबवान वाटते. कॅलेडोनिया रोडचं चर्च 1965 मध्ये जळलं, नुसता सांगाडा उरलाय. क्वीन्स पार्कचं 1943च्या बॉम्बमध्ये गेलं. युनियन स्ट्रीटवरचे इजिप्शियन हॉल्स कित्येक वर्षं परांचीआड आहेत. तो स्वतः ज्या मोरे प्लेसमध्ये राहायचा, ती त्याचीच दहा घरांची ओळ, शहराच्या दक्षिणेला अजून नांदती आहे. मागच्या रविवारी बघून आलो. तिथल्या एका खिडकीतही वरच्या चौकटीला लाकडाचा ठोकळा लावलेला दिसला.

आम्ही करार पुढे चालू ठेवलाय. हॉलमधल्या तीनपैकी दोन खिडक्यांच्या दोऱ्या नव्या झाल्या. तिसरी अजून पोळपाटावर उभी आहे. जॉइनर फेब्रुवारीत येतो म्हणालाय, तोवर पोळ्या ओट्यावरच.